बसच्या चेसीसवरची जुनी मोठी मोटरहोम, तीही हाताच्या गिअरची: नागपुरात घ्यावी का?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. शहरातल्याच एका गृहस्थांकडची जुनी मोठी मोटरहोम विकत घेण्याचा आमचा विचार चालू आहे आणि सौदा करण्याआधी जाणकारांची मते घ्यावीत म्हणून हा धागा काढतो आहे. गाडी १९९० च्या दशकातली असून टाटाच्या बसच्या चेसीसवर बांधलेली आहे. इंजिन सहा सिलिंडरचे ६९७, गिअर पाच आणि हाताचे, मागे डबल टायर. आत चार जणांची झोपायची सोय, ओटा, छोटे न्हाणीघर आणि पाण्याची बरीच मोठी टाकी आहे.

अशा गाड्यांविषयी इंटरनेटवर जे सापडते ते बहुतेक अमेरिकेतले असते, आणि तिथल्या मोठ्या मोटरहोम सर्रास ऑटोमॅटिक असल्यामुळे आपल्या प्रश्नांना त्यांचा उपयोग होत नाही. पेंच, ताडोबा, चिखलदरा आणि कधीतरी समृद्धी महामार्गाने मुंबईकडे, असा आमचा वापर राहील. गाडी मी आणि पत्नी दोघेही चालवू. कारची सवय दोघांनाही आहे, बसची कोणालाच नाही. इतक्या जुन्या गिअरबॉक्सवर विश्वास ठेवावा का, आणि ठेवायचा तर घेण्यापूर्वी काय तपासावे?

हिंगण्याचा फिटर

धंतोलीकर भाऊ, मी एसटीच्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत आयुष्य घालवले आहे, त्यामुळे गिअरबॉक्सपुरते थोडे विस्ताराने लिहितो.

आधी इंजिनाविषयी. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. टाटा आणि डाइमलर-बेन्झ यांचा करार १९५४ पासून १९६९ पर्यंत होता आणि हे इंजिन त्याच घराण्यातले, ५.७ लिटरच्या आसपासचे आहे. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एकदा सुरू झाले की बॅटरीचा आधार नसतानाही ते चालत राहते. पंप आणि नोझल नीट असतील तर अशा इंजिनाला म्हातारपण फार उशिरा येते, आणि आले तरी वाडी ते ऑटोमोटिव्ह चौक या पट्ट्यात ते उघडून पुन्हा बांधणारे हात आजही आहेत.

आता गिअरबॉक्स. तो तपासायला उघडावा लागत नाही, कानांनी तपासता येतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबताच ती थांबते, असे झाले तर गिअरबॉक्समधले पुढचे बेअरिंग किंवा लेशाफ्टचे (मुख्य शाफ्टला समांतर असलेल्या दुसऱ्या शाफ्टचे) बेअरिंग संपत आले आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरचा आहे आणि स्वस्तात सुटतो. नंतर गाडी चालवून पाहा. पहिल्या चार गिअरमध्ये आवाज येतो आणि टॉपमध्ये गाडी शांत होते, असे आढळले तर लेशाफ्टकडे बोट दाखवावे, कारण टॉप गिअर थेट असतो आणि त्यात लेशाफ्ट फिरत असला तरी त्याच्यावर भार नसतो.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी पुढची. प्रत्येक गिअरमध्ये गाडी जोरात ओढा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलवर आला तर तो दोष दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण हेच उद्या घाटाच्या उतारावर होईल. गिअरचा दांडा हलतो, थरथरतो, सापडत नाही, याला मात्र घाबरू नका. ते बहुतेक वेळा लिंकेजचे झिजलेले बुश असतात. शेवटी गिअर ऑइल एका स्वच्छ भांड्यात काढून बोटांनी चोळून पाहा. पितळेची बारीक चकाकी चालेल, ती सिंक्रोनायझर रिंगांची, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगांची झीज असते. पोलादाचे कण किंवा तुकडे सापडले तर सौदा तिथेच थांबवा, नाहीतर पूर्ण गिअरबॉक्सचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

कोराडी रोड

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी ट्रॅव्हलर (फोर्सची लहान बस) घेऊन तिच्यात पलंग बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉवर स्टिअरिंग, एसी, सर्व्हिस सेंटर सगळे मिळते. किंवा हीच गाडी घेऊन तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवता येणार नाही का?

हिंगण्याचा फिटर

बसवता येईल, पण बसवू नये. इंजिन, गिअरबॉक्स, दांडा (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट) आणि हाउसिंग (मागच्या एक्सलमधला डिफरेन्शियल) यांचे गुणोत्तर कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असते. त्यातला एक भाग दुसऱ्या कुळातून आणला की जॉइंटचा कोन, दांड्याची लांबी, ऑइल थंड ठेवण्याची सोय हे सगळे नव्याने करावे लागते, आणि पुढे बिघाड झाला तर त्या गाडीसारखी दुसरी गाडी पृथ्वीतलावर नसल्यामुळे कोणत्याच मिस्त्रीला तिची माहिती नसते. हाताच्या गिअरबॉक्सचे तसे नाही. आपल्या शेजारी भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्स तयार करणारा कारखाना गेली कित्येक दशके आहे, एसटीची कार्यशाळा हिंगण्याला आहे. हे काम जाणणारी माणसे ज्या शहरात आहेत तिथे हाताचा गिअरबॉक्स हा त्या गाडीचा दोष नसून तिची सर्वांत भरवशाची वस्तू आहे.

ट्रॅव्हलरचा मुद्दा वेगळा आहे. दोन माणसांना तीच पुरे. चार माणसे, न्हाणीघर आणि मोठी टाकी हवी असेल तर लहान चेसीसवर ते वजन सामावत नाही.

रामदासपेठ ते श्टुटगार्ट

मी मूळची नागपूरची असून बरीच वर्षे जर्मनीत राहते, म्हणून इकडचे चित्र सांगते. अमेरिकेत मोठ्या मोटरहोमना अ‍ॅलिसनसारखे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फार आधी रूढ झाले. युरोपात जुन्या मोठ्या गाड्या मात्र बहुतांशी हाताच्या गिअरच्याच आहेत. मर्सिडीजची ५०८ आणि ६०८ ही मॉडेल, ९११ हा छोट्या बॉनेटचा ट्रक, मागिरुस-डॉइट्झ, ब्रिटनमध्ये बेडफर्ड, अशा चेसीसवर बांधलेली घरे लोक आजही जिवापाड सांभाळतात. त्यांची नावे टाटाच्या नावांसारखीच वाचायची असतात: ९११ म्हणजे साधारण ९ टन आणि ११० अश्वशक्ती, जसे आपल्याकडे १२१० म्हणजे १२ टन आणि १००, १५१२ म्हणजे १५ टन आणि १२०. अर्थात हे आकडे ढोबळ असतात. टाटा ४०७ चे भरलेले वजन ४ टनांपेक्षा बरेच जास्त असते.

इकडे जुन्या मोटरहोमच्या बाजारावर खरा परिणाम गिअरबॉक्सचा नाही, परवान्याचा झाला. जर्मनीत १९९९ पूर्वी कारचा परवाना घेतलेल्यांना ७.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते; त्यानंतरच्यांना फक्त ३.५ टनांपर्यंत. ब्रिटनमध्ये हीच रेषा १९९७ ची आहे. त्यामुळे जुन्या ७.५ टनी गाड्या प्रौढ मंडळींकडे राहिल्या, आणि तरुणांना त्या आवडल्या तरी वेगळा परवाना काढल्याशिवाय चालवता येत नाहीत. दुसरे असे की ३० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी इथे ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवता येते. तिला वेगळी पाटी मिळते आणि शहरांतल्या प्रदूषण-नियंत्रित भागांत प्रवेशही मिळतो. मूळ गिअरबॉक्स काढून टाकणाऱ्याला ही सवलत मिळवणे कठीण जाते, म्हणून इथेही कोणी बदलाच्या वाटेला सहसा जात नाही.

सदरची वकील

परवान्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची स्थिती सांगते. मोटार वाहन कायद्यात हलके वाहन म्हणजे ७,५०० किलोपर्यंतचे वाहन, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला आहे की हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती या मर्यादेतले वाहतुकीचे वाहनही चालवू शकते. पण तुमची गाडी मोठ्या बसच्या चेसीसवरची आहे आणि ती या मर्यादेच्या बरीच वर असणार. तेव्हा पत्नी आणि तुम्ही, दोघांनाही त्या वर्गाचा परवाना आधी काढावा लागेल. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी सर्वांत आधी हेच कागद मागते, म्हणून हा खर्च आणि हा वेळ गाडीच्या किमतीत धरा.

दुसरे, नोंदणी पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही. पुस्तकात 'बस' आणि प्रत्यक्षात घर, अशी गाडी असेल तर तुम्ही घर विकत घेत नसून एक वाद विकत घेत आहात. आता मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि कॅरॅव्हॅनच्या व्याख्येत आसने व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या गोष्टी येतात. पण तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या गाडीची नोंद कोणत्या नावाने झाली हे पुस्तकच सांगेल. १५ वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी यांच्या पावत्याही मागा. चेसीस नंबरवर गंज चढला असेल तर विकणाऱ्याकडूनच तो साफ करून वाचून घ्या. पासिंगच्या दिवशी तो वाचता आला नाही की सगळे अडते.

वाडीचा बॉडीबिल्डर

सर्वांनी गिअर आणि कागद पाहिले, वजन कोणीच पाहिले नाही. मला विचाराल तर अशी गाडी पाहायला जाताना मिस्त्रीच्याही आधी वजनकाटा गाठावा. पाण्याची आणि डिझेलची टाकी पूर्ण भरून, कळमन्याच्या बाजूला किंवा वाडीला एखाद्या काट्यावर गाडी न्या आणि तीन वजने घ्या: पूर्ण गाडीचे, फक्त पुढच्या एक्सलचे आणि फक्त मागच्या एक्सलचे. जमल्यास डाव्या-उजव्या चाकांचेही वेगळे घ्या.

याचे कारण असे. बस पन्नास माणसांसाठी केलेली असते, म्हणजे तीन-साडेतीन टन वजन ती सहज वाहते. पण ते वजन चढते, उतरते आणि सगळ्या गाडीत सारखे पसरलेले असते. घराचे वजन कायमचे असते आणि ते एका बाजूला जमते. ओटा, न्हाणीघर आणि टाकी हे सगळे एकाच बाजूला घेतले की त्या बाजूचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) रात्रंदिवस दबलेले राहून काही वर्षांत बसतात आणि गाडी कुबड काढून चालू लागते. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो. ती टाकी मागच्या एक्सलच्याही मागे टांगली असेल तर ती पुढचा एक्सल उचलते आणि स्टिअरिंग हलके लागते. नवख्या माणसाला हे हलकेपण सुखाचे वाटते, पण ओल्या रस्त्यावर तेच घातक ठरते. टाकी दोन्ही एक्सलच्या मध्ये असावी आणि आत पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असावेत. मागच्या एक्सलमागे लोंबणारा भाग नियमाने व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. मागे सायकलींचा किंवा सामानाचा पिंजरा नंतर जोडलेला असेल तर टेप लावून मोजा.

गाडी कडक वाटते म्हणून काही जण पाटे काढून टाकतात. कृपया काढू नका. कडकपणा टायरच्या हवेने आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरने सोडवावा.

आणि एक गोष्ट विजेची. तुमच्या गाडीत २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्यांची जोडणी असेल, तर घरातले १२ व्होल्टचे दिवे व पंप त्यांतल्या एकाच बॅटरीवरून घेतलेले आहेत का ते पाहा. बांधणारे हा सोपा मार्ग फार घेतात. त्यात एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. घरासाठी वेगळी बॅटरी किंवा कन्व्हर्टर हवाच.

धंतोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. वकील ताईंच्या सल्ल्याप्रमाणे पुस्तक मागितले आहे आणि वजनकाट्याचा दिवसही ठरवतो. फिटर काका, समृद्धीवर ही गाडी कितीने चालेल? आणि पत्नीचा प्रश्न असा आहे की डबल क्लच नावाचा जो प्रकार सांगतात तो या गाडीला करावाच लागतो का?

हिंगण्याचा फिटर

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, ती तुम्ही विसरा. हिशोब असा करा: ९.०० × २० च्या टायरचा एक फेरा साधारण ३.१ मीटरचा असतो. हाउसिंगचे गुणोत्तर ६.१७ आहे असे धरू. टॉप गिअर थेट असल्यामुळे इंजिनाचे २,४०० फेरे म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे ३९० फेरे, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. त्यापुढे इंजिन ओरडते, डिझेल पिते आणि गरम होते. नवीन ट्रकना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे थेट गिअरच्याही वरचा गिअर असतो, तो हिला नाही. तेव्हा ६० ते ६५ चा वेग धरून डाव्या लेनने जावे. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे. तो एका दमात संपवण्याचा हट्ट या गाडीने करू नये.

डबल क्लचबद्दल. तुमच्या गिअरबॉक्समध्ये वरच्या गिअरना सिंक्रोनायझर असण्याची शक्यता मोठी आहे, पण या पिढीच्या अनेक गिअरबॉक्समध्ये पहिला आणि रिव्हर्स त्याच्याविना असतात. शिवाय तीस वर्षांच्या पितळी रिंगा झिजलेल्याही असतील. म्हणून शिकून घ्यावे. वर जाताना: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, क्षणभर थांबा म्हणजे आतले चाक मंदावते, पुन्हा क्लच दाबा आणि पुढचा गिअर टाका. खाली येताना न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबायचा, कारण खालच्या गिअरसाठी आतले चाक जोरात फिरायला हवे. एवढाच फरक. गिअर आपण ढकलायचा नसतो. वेग जुळला की गिअरचा दांडा स्वतःहून आत जातो, आणि जुळला नसेल तर करकर आवाजाने सांगतो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी दुसऱ्यातच उचलली तरी चालते, पहिला गिअर चढासाठी आणि वजनासाठी ठेवलेला आहे. क्लचवर पाय टेकवून चालवण्याची कारमधली सवय मात्र पहिल्याच दिवशी सोडावी लागेल.

कामठीची चालिका

धंतोलीकर वहिनींसाठी मुद्दाम लिहिते. मी अनेक वर्षे शाळेची मोठी बस चालवते. बायकांना क्लच जड जातो असे जे सांगतात, ते बहुतेक वेळा सीटच्या अंतराचे दुखणे असते. गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ टेकलेली असेल इतके सीट पुढे घ्या, दाब मांडीने द्या, पावलाने नाही. तरीही क्लच फार जड असेल तर तो तुमचा दोष नाही. लिंकेज कोरडे आहे किंवा क्लचची प्रेशर प्लेट संपत आली आहे.

चिखलदऱ्याला जाणार असाल तर परतवाड्याहून घाट लागण्याआधीच ठरवा की ज्या गिअरमध्ये चढ चढला जाईल त्याच गिअरमध्ये उतरायचे. उतारावर मध्येच गिअर बदलायला जाल, खालचा पडला नाही आणि न्यूट्रलवर अडकलात, तर सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनाचा गव्हर्नर फक्त डिझेल रोखतो. गाडीच इंजिनाला ढकलू लागली तर फेरे वाढण्यापासून तो थांबवू शकत नाही. म्हणून वेग वाढण्याआधी ब्रेक लावायचा, ठामपणे लावून सोडायचा, सतत घासत ठेवायचा नाही. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) असेल तर तो चालतो का हे सपाट रस्त्यावरच पाहून घ्या.

ब्रेक हवेचे असतील तर सकाळी प्रेशर पूर्ण भरेपर्यंत गाडी हलवू नका आणि हवेच्या टाकीत साचलेले पाणी रोज काढा, पावसाळ्यात तर नक्कीच. इंजिन बंद करून, ब्रेक दाबून धरून काही मिनिटे प्रेशरच्या काट्याकडे पाहत बसा; काटा खाली सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. सगळ्या जुन्या चेसीसना हवा संपल्यावर आपोआप लागणारे स्प्रिंग ब्रेक नसतात, त्यामुळे तुमच्या गाडीला ते आहेत की नाहीत हे माहीत असलेच पाहिजे.

महालचा टायरवाला

मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने जातात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि बगलेला तडे असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो सहाही टायरवर आणि स्टेपनीवर वाचा. नवतपात समृद्धीच्या काँक्रीटवर जाणार असाल तर हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा. दुपारी टायर तापून प्रेशर वाढलेले दिसले म्हणून हवा काढू नका, कमी हवेचा टायर आणखी तापतो आणि तोच फुटतो. ट्यूबच्या टायरला लॉकरिंग असते. त्यात हवा भरताना समोर उभे राहू नये, पिंजऱ्यात ठेवूनच भरून घ्यावी.

कोराडी रोड

माझे मत अजून बदललेले नाही, पण एक शंका आहे. समजा गाडी देवलापारच्या पुढे जंगलात बंद पडली, तर ही ओढून आणता येते का? कारसारखी न्यूट्रल करून?

हिंगण्याचा फिटर

न्यूट्रल करून लांब ओढायची नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधला लेशाफ्ट फिरत नाही, आणि वरच्या भागाला ऑइल उडवून देण्याचे काम तोच करतो. चाके मात्र दांड्यामार्फत मुख्य शाफ्ट फिरवत राहतात. नागपूरपर्यंत येईस्तोवर चांगला गिअरबॉक्स कोरडा फिरून जळतो, आणि असे गिअरबॉक्स मी पुष्कळ उघडले आहेत. हाउसिंगच्या बाजूचे जॉइंटचे बोल्ट काढून दांडा खाली घ्यायचा, तारेने वर बांधायचा किंवा गाडीत टाकायचा, मगच ओढायचे. त्या चार-आठ बोल्टच्या मापाचा रिंग पाना, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी आणि चाकांना लावायला दोन ओंडके गाडीत कायम ठेवा. इंजिन बंद असले की कॉम्प्रेसरही बंद असतो हे विसरू नका. ब्रेकची हवा ओढणाऱ्या गाडीतून पाइपने द्यावी लागेल, आणि ती सोय नसेल तर दोरीने ओढण्याऐवजी क्रेनच बोलवावी.

धंतोलीकर

पाना घेऊन ठेवतो. क्रेनवाल्याला गाडीची उंची आणि पुढच्या एक्सलचे वजन दोन्ही सांगावे लागेल ना?

हिंगण्याचा फिटर

दोन्ही. आणि पाण्याची टाकी रिकामी करूनच उचलायला लावा.